खांदेमळणी : राबणाऱ्या माणसांचे आभार नेमके मानायचे कसे

माझं माहेर विट्याकडचं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी आबा बैलांचे खांदे मळायचे ते मला अजून आठवतं. वाटीत हळद आणि लोणी कालवलेलं, आणि ते आबा सगळ्या अंगाला फासत नव्हते, बरोबर मानेमागं जिथं जू बसतं, जिथले केस गेलेले असतात आणि कातडं घट्टं पडून दगडासारखं झालेलं असतं, तिथंच बोटांनी चोळत बसायचे, अर्धा अर्धा तास. झूल, शिंगांना रंग, गोंडे, पुरणपोळी हे सगळं दुसऱ्या दिवशी, गावानं बघायला. खांदेमळणी मात्र गोठ्यात, बघायला कोणी नाही.

आता लगेच माणसांची बैलाशी तुलना करते म्हणून अंगावर येऊ नका. सांगायचंय एवढंच की आपण आभार मानायला निघालो की थेट झुलीवरच जातो. शाल, श्रीफळ, फोटो, बॅनर. खांदा कुठं सोलपटलाय ते कोणी बघतच नाही. मीही बघितलं नव्हतं, त्याचीच गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं का लिहिलंय ते कळेल.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोका पातळी, आणि त्या वर्षी पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. पाणी उतरल्यावर सांगलीत जे राहिलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून कळणार नाही, रस्त्यावर गाद्या, कुजलेलं धान्य, फुगलेली दारं, फ्रिज उताणे पडलेले आणि सगळ्यावर तो चिकट गाळ आणि वास. आपल्या महापालिकेचे सफाई कामगार तर होतेच, बाहेरच्या महापालिकांचीही पथकं आली होती. माणसं दिवस दिवस त्या घाणीत उभी होती, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलेलं होतं.

तर आमच्या कॉलनीनं ठरवलं, सत्कार करायचा. वर्गणी काढली, शाली आणल्या, स्टेज घातलं. कार्यक्रम सहाचा, पाहुणे आले आठला दहा कमी असताना. त्या बायका पहाटे साडेपाचला ड्युटीवर हजर झालेल्या, त्या तोपर्यंत कडेला उभ्या, कारण खुर्च्या आम्ही पाहुण्यांसाठी आणि कॉलनीतल्या लोकांसाठी मांडल्या होत्या (हे मला तेव्हा दिसलं पण नाही, नंतर फोटोत दिसलं). ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांच्या अंगावर शाली घातल्या, टाळ्या झाल्या, भाषणं झाली. निघताना एका मावशींनी शालीची नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, राग नगा मानू, एक सांगू का? ती काच येगळी बांधून देत चला की. ह्यो हात बघा." उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या बुडाशी आडवी चीर होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, मधी काळी रेघ भरलेली. आमच्याच कॉलनीतल्या कुणाच्या तरी फुटलेल्या ग्लासाची.

त्या दिवसापासून मी एकच नियम ठेवलाय. कुणाचेही आभार मानायचे असतील तर आधी बघायचं, या माणसाचं जू कुठं घासतंय? तिथं लोणी लावायचं. बाकीचं नंतर, जमलं तर.

घंटागाडीपासून सुरू करा, कारण ती रोज दारात येते

ओला, सुका कचरा वेगळा करणं हे काही आपण उपकार म्हणून करत नाही, २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ते आपल्यावर बंधनकारकच आहे. तेव्हा त्याला आभार म्हणू नका, ते देणं आहे. आभार त्याच्या पुढं सुरू होतात.

काच फुटली तर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा, वरून चिकटपट्टी मारा आणि मार्करनं मोठ्या अक्षरात "काच" लिहा. लिहिणं महत्त्वाचं, कारण गुंडाळलेली पुडी हातानं दाबून बघितली जाते. दाढीची ब्लेडं जुन्या प्लास्टिकच्या डबीत साठवा, भरली की झाकण घट्ट लावून द्या. घरात इन्शुलिन घेणारं कोणी असेल (सांगलीत आता प्रत्येक दुसऱ्या घरात आहे असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं) तर त्या सुया कधीच सुट्ट्या टाकू नका, फिनेलच्या रिकाम्या बाटलीसारखी जाड बाटली ठेवा, त्यात टाकत जा, आणि देताना गाडीवरच्या माणसाला तोंडानं सांगा की यात सुया आहेत. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल पेननं गोल काढा, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. एवढं करायला दिवसाला दोन मिनिटं लागत नाहीत.

हातमोजे द्यायचे असतील तर चौकशी करून द्या. आम्ही पहिल्यांदा उत्साहात डॉक्टर घालतात तसले पातळ मोज्यांचे बॉक्स आणले, ते तासाभरात फाटले. लागतात ते कापडी, तळव्याला रबराचा थर असलेले, आणि बायकांना लहान मापाचे. मोठ्या मापाच्या मोज्यात बोटं फिरतात, पकड येत नाही, मग त्या काढूनच ठेवतात आणि आपण म्हणतो, दिलं तरी वापरत नाहीत. गमबुटांचं पण तेच. माप विचारायचं, दोन वेळा विचारायचं, कारण पहिल्यांदा "कसलं बी चालतंय" असंच उत्तर येतं.

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गेटबाहेर माठ ठेवा, त्यावर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. आणि आता जे लिहितेय ते काही जणांना झोंबेल. बऱ्याच घरांत कंपाउंडच्या भिंतीवर एक वेगळा कप उपडा घातलेला असतो, "त्यांच्यासाठी". त्या कपात दिलेल्या चहाला आभार म्हणत नाहीत. द्यायचा तर घरातल्या कपात द्या, नाहीतर देऊ नका. तसंच रात्रीची उरलेली भाजी, घरात कोणी घालत नाही ते फाटके कपडे, एक्स्पायरी गेलेली बिस्किटं. पूर्वी गावगाड्यात बलुतं असायचं, पण तो तरी रासेतला वाटा होता, कष्टाचा हक्क म्हणून मिळायचा, आणि त्यातही वरचं-खालचं होतंच ते काही चांगलं नव्हतं. आता एकविसाव्या शतकात आपण उरलंसुरलं देऊन त्याला माणुसकी म्हणायचं, हे मला पटत नाही. द्यायचं ते घरात आपण जे खाऊ तेच, ताजं, आणि बसायला खुर्ची पुढं करून.

बंदोबस्तावरच्या पोलिसांना वडापाव नको असतो

म्हणजे असतो, नाही असं नाही. पण तो सगळेच देतात. मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना माहीत आहे, स्वागत कमानींखालून एकेक मंडळ सरकत सरकत दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. तेवढा वेळ पोलीस पायावर उभे. मी एकदा एका बाई कॉन्स्टेबलला पाण्याची बाटली पुढं केली तर ती नको म्हणाली. मला वाटलं लाजतेय, आग्रह केला. तर म्हणाली, "पाणी पिऊन जायचं कुठं मॅडम?"

तेव्हापासून मिरजेतल्या माझ्या मैत्रिणीचं घर, जे मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे, तिथं आम्ही त्या दिवशी तळमजल्याचं टॉयलेट उघडं ठेवतो. करायचं काय तर: आदल्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगून यायचं, घर कुठं, किती वाजेपर्यंत उघडं. दारावर पुठ्ठा लावायचा, "बंदोबस्तावरील ताईंसाठी टॉयलेट आत आहे, विचारायची गरज नाही." ही शेवटची ओळ टाकाच, कारण प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारायचं म्हणजेच अर्धा त्रास असतो. आत साबण, बादलीभर पाणी, पॅडचं एक पाकीट उघड्यावर ठेवलेलं, कडी नीट लागते का बघितलेली. घरातल्या पुरुषांनी त्या खोलीत टीव्ही बघत बसायचं नाही. पहिल्या वर्षी दोन-तीन जणी आल्या, पुढच्या वर्षी चपलांचा ढीग लागला होता.

पोलिसांना पैसे, गिफ्ट कार्ड, महागडं काही देऊ नका. हे कुठल्याही सरकारी माणसाला लागू, ज्याच्या हातात आपलं काही काम अडकलेलं असू शकतं. लाच घेणं गुन्हा आहे तसंच २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही थेट अडकतो, आणि तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी समोरच्याला अवघडल्यासारखं होतं ते वेगळंच. त्यांच्यासाठी पत्र. पत्राचं पुढं सांगते, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मुक्कामाची एसटी

शहरातल्या लोकांना हे माहीत नसतं. गावाकडं रात्री शेवटची गाडी येते ती तिथंच थांबते आणि पहाटे शाळा-कॉलेजची, दूध-भाजीची माणसं घेऊन निघते. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून गाड्या बदलल्या, तिकिटाची ट्रे जाऊन मशीन आलं, पण मुक्कामाचे ड्रायव्हर-कंडक्टर अजून बऱ्याच गावांत देवळाच्या ओसरीवर नाहीतर गाडीतल्याच सीटवर झोपतात, डास मारत. सकाळी उठून कुठं जायचं, अंघोळ कुठं, हाच त्यांचा खांदा.

माझ्या माहेरच्या गावात आता वाटणी लावलीय. आठवड्याचे सात वार, सात घरं. त्या दिवशी त्या घरानं काय करायचं, तर पहाटे साडेचारला बंब पेटवून दोन बादल्या गरम पाणी आणि संडासाची किल्ली. जेवण देणं कम्पल्सरी नाही, डबा ते आणतात, पण कालवण वाटीभर दिलं तर कोण नको म्हणतंय. गावातल्या तरुण मंडळानं एक मच्छरदाणी आणि दोन गाद्या देवळाच्या कपाटात ठेवल्यात. खर्च म्हणाल तर एका डिजिटल बॅनरच्या आसपास.

आणि प्रवासी म्हणून आपण करायचं काम म्हणजे सुट्टे पैसे. पहाटेच्या पहिल्या गाडीत पाचशेची नोट काढून वर "द्या की, तुमच्याकडं नसतील तर कुणाकडं" म्हणणाऱ्या माणसानं नंतर स्टेटसला लालपरीचे फोटो टाकू नयेत.

वायरमन

महावितरण त्यांना जनमित्र म्हणतं, लोक वायरमन म्हणतात, आणि लाईट गेल्यावर लोक जे म्हणतात ते इथं लिहिता येत नाही. ४ मार्चला लाईनमन दिवस असतो. त्या दिवशी गुलाब द्यायला हरकत नाही, पण त्याचा जीव कशात आहे ते समजून घ्या, अक्षरशः जीव.

घरात, दुकानात, पोल्ट्रीवर जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच (म्हणजे बाहेरची लाईन आणि जनरेटर एका वेळी जोडलेले राहत नाहीत) बसवून घ्या, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून. का, तर वायरमन लाईन बंद करून खांबावर चढतो, त्याच्या दृष्टीनं तार मेलेली असते, आणि इकडं तुम्ही जनरेटर नुसता बोर्डात खुपसून चालू केला की तुमच्या घरातला करंट उलटा बाहेरच्या लाईनवर जातो. ट्रान्सफॉर्मरमधून उलट्या दिशेनं जाताना त्याचा दाब (व्होल्टेज) परत वाढतो. वर माणूस आहे. एवढंच सांगते.

बाकीचं सोपं आहे. पावसाळ्याआधी आपल्या दारातल्या फांद्या तारेला लागत असतील तर स्वतः कोयता घेऊन चढू नका, कळवा, लाईन बंद करून घ्या, मग काढा. लाईट गेल्यावर कॉलनीतून एकानं फोन करायचा, तीस जणांनी नाही, कारण खांबावर असताना खिशात फोन वाजत राहतो आणि नाही उचलला तर साहेबाकडं तक्रार जाते. आमच्याकडं ग्रुपवर ठरलंय, कोण फोन करणार ते, बाकीच्यांनी गप्प बसायचं. गप्प बसणं हेसुद्धा आभारच आहेत आणि सगळ्यात अवघड तेच जातं आम्हाला.

आशाताई

हजार लोकवस्तीमागं साधारण एक, असा हिशेब. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. आमच्या भागातल्या आशाताईंना मी कौतुकानं ते सांगितलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "व्हय, फोटो आलता ग्रुपवर. मानधन नव्हतं आलं त्या महिन्याचं."

त्यांचं जू म्हणजे हेलपाटे. सर्व्हे असतो, आपण दार उघडून म्हणतो, "नंतर या, आत्ता वेळ नाही," त्या परत येतात, आपण झोपलेलो असतो. कामावर मोबदला असल्यामुळं त्या हेलपाट्याला कोणी पैसे देत नाही. तेव्हा आभार म्हणजे पहिल्याच फेरीत खरी माहिती देणं. घरात कोण बीपीचं, कोण शुगरचं, बाळाचं लसीकरणाचं कार्ड कुठाय, हे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दाराजवळच्या खणात ठेवा. लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन वेळेवर जा. गरोदर बाई घरात असेल तर रात्री-अपरात्री यांनाच फोन जाणार आहे, त्यांना बाळंतपणाला सोबत नेलंत तर रिक्षात परत सोडायची सोय करा, कारण पेशंटला १०८ नेते, पण आशाताईला पहाटे तीन वाजता सिव्हिलच्या दारातून घरी कोण आणणार हा विचार कोणी करत नाही. बारशाला बोलवा, आणि बोलावल्यावर पाहुण्यांत बसवा, आहेर घेणाऱ्या वहीजवळ नाही.

दवाखान्याचं फार लिहीत नाही, एकच. डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटता ते दिवसपाळीतच संपतात आणि रात्री तुमच्या आईचं बेडपॅन बदललं त्या सिस्टर आणि मावशी रिकामा बॉक्स बघतात. दोन बॉक्स घ्या, एकावर "रात्रपाळी" लिहा. आणि मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली की नुसतं "बरं झालं सुटली" असं करू नका, कष्ट दोन्हीला सारखेच पडतात.

कोरोनाचं आठवतंय ना? २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आम्ही सगळ्यांनी गच्चीत थाळ्या वाजवल्या, मी पण, पितळी ताट घेऊन, पोचा पडेपर्यंत. त्याच आठवड्यात इस्लामपुरात पेशंट सापडले आणि जिल्हा हादरला. आणि आमच्या ओळखीतल्या एका सिस्टरला घरमालकानं खोली खाली करायला सांगितलं, जो स्वतः थाळी वाजवत होता. त्या वेळी तिला खोली देणारी एक विधवा आजी होती, जिनं काही वाजवलं नव्हतं.

सैनिक आणि त्यांची घरं

सातारा जिल्ह्यात हे आपल्याला शिकवायची गरज नाही असं वाटेल. अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परत आले नाहीत, गावाच्या नावातच मिलिटरी आलं. केडंब्याचे तुकाराम ओंबळे, ज्यांनी २००८ साली कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, ते आधी लष्करात होते मग पोलिसात, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. अभिमान सगळ्यांनाच आहे. अभिमानाची आपल्याकडं टंचाई कधीच नव्हती.

माझी नणंद सातारा जिल्ह्यात दिलीय. तिच्या शेजारी एक वीरपत्नी राहतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला त्यांना गाडी न्यायला येते, हार, गुच्छ, पहिल्या रांगेत खुर्ची. बाकी ३६३ दिवस त्यांचा प्रश्न वेगळा असतो. नोव्हेंबर आला की पेन्शनसाठी हयातीचा दाखला, आता तो ऑनलाईन, संरक्षण खात्याचं स्पर्श पोर्टल, पासवर्ड विसरलेला, ओटीपी जातो मुलाच्या नंबरवर आणि मुलगा पुण्यात. नणंदेच्या पोरानं, कॉलेजला आहे तो, एका रविवारी बसून त्यांचा मोबाईल नंबर अपडेट करून दिला, पासवर्ड वहीत लिहून दिला आणि आता दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो आपणहून जातो. त्या बाईंनी आयुष्यात इतके गुच्छ घेतलेत, पण हे सांगताना त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता.

अशा घरी जायचं तर फोन करून जा. "कसं झालं" हे विचारू नका, ते त्यांनी हजार वेळा सांगितलेलं असतं. माणूस कसा होता ते विचारा, काय खायला आवडायचं, सुट्टीला आला की पहिल्यांदा कुठं जायचा. फोटो काढू नका. आणि ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून चालू आहे, त्याचा निधी माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी वापरतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो, पावती मिळते. शाळेत छोटा झेंडा टोचून दहा रुपये द्यायचो ते हेच.

आता पत्र

हे करायला एक साधा कागद पुरतो आणि याच्याइतकं कशाचंच मोल होत नाही, पण शंभरातले नव्याण्णव जण करत नाहीत. सरकारी नोकरीत माणसाच्या नावावर कागद जमतात ते बहुतेक तक्रारीचे, नोटिशीचे, खुलाशाचे. एखादा चांगला कागद वरून खाली आला की तो त्याला वर्षानुवर्षं पुरतो.

लिहायचं साहेबाला, त्या माणसाला नाही. सफाई कामगारासाठी महापालिकेच्या आयुक्तांना आणि एक प्रत वॉर्डाच्या स्वच्छता निरीक्षकांना. पोलिसासाठी पोलीस अधीक्षकांना, कंडक्टरसाठी आगार व्यवस्थापकांना, वायरमनसाठी कार्यकारी अभियंत्यांना. "आपले कर्मचारी फार चांगले आहेत" असलं गुळमुळीत लिहू नका, ते रद्दीत जातं. तारीख, वेळ, जागा, नाव, बॅज नंबर दिसला असेल तर तो, आणि नेमकं काय केलं. मी लिहिलेलं एक देते, नाव गाळून:

"मा. कार्यकारी अभियंता साहेब, स.न. वि.वि. दि. १४ जून रोजी रात्री साडेअकरा वाजता आमच्या गल्लीतील डीपीवर झाड पडले. आपले जनमित्र श्री. ... हे पावणेबाराला हजर झाले. पाऊस चालू असताना त्यांनी आधी लाईन बंद असल्याची दोनदा खात्री केली, लहान मुलांना लांब उभे केले आणि पहाटे तीनपर्यंत काम करून पुरवठा चालू केला. शेजारी ऑक्सिजन मशीनवर असलेल्या आजोबांची त्यांनी स्वतःहून चौकशी केली. आमची कोणतीही तक्रार नाही. हे त्यांच्या सेवा नोंदीत यावे ही विनंती."

बस. आठ ओळी. खाली गल्लीतल्या पंधरा-वीस जणांच्या सह्या घ्या. दोन प्रती काढा, ऑफिसात आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घ्यायची विसरू नका, ती पोचच त्या माणसाला नेऊन द्यायची असते. आमच्या वायरमननं ती लॅमिनेट केली. घरात लावली असेल असं वाटलं तर नाही, ती तो टूलबॅगेत पकडीच्या कप्प्याच्या मागं ठेवतो, कडेला ग्रीसचे डाग पडलेत तिच्यावर.

एक खबरदारी घ्या. ज्याच्याबद्दल पत्र लिहिताय त्याला आधी सांगा. "तुमच्या साहेबांना पत्र देतेय" एवढंच म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, "काय चुकलं का ताई?" पहिले दोन शब्द "तक्रार नाही" हेच असू द्या. आणि त्याला जर पत्र नकोच असेल (काही जणांना खरंच नको असतं, ठेकेदाराकडं असतात, उगाच नजरेत यायचं नसतं) तर आग्रह करू नका.

पैशाचं

जे ठेक्यावर आहेत, ज्यांना बोनस कुणी देत नाही, कॉलनीचे वॉचमन, गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर आणून देणारे, त्यांना दिवाळीचं पोस्त द्यायला मला काहीच गैर वाटत नाही. फक्त धनत्रयोदशीच्या आधी द्या, त्यांनाही बाजार करायचा असतो, पाडवा झाल्यावर मिळालेल्या पैशाचे आकाशकंदील येत नाहीत. कोऱ्या पाकिटात, नाव घालून, हातात. लायनीत उभं करून नाही. सोबत सांगलीचं भडंग नाहीतर पावशेर बेदाणे, जे पिशवीत न सांडता घरी जाईल. घरची करंजी द्यायची तर तुटकी वर आणि चांगली डब्यात असं करू नका, माझ्या सासूबाई करायच्या, आता नाही करत, भांडले मी.

नावं मात्र पाठ करा. आमच्या व्हॉल्व्हमनना, जे पहाटे पाणी सोडायला येतात, नऊ वर्षं सगळी कॉलनी "ओ पाणीवाले" म्हणत होती. त्यांचं नाव ग्रुपवर टाकलं, शेजारी त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल टाकला, त्यानंतर लोक आपोआप आडनावापुढं "काका" लावायला लागले. असं काही लावलं की मग पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तरी फोनवर आवाज चढत नाही, हा मला अजिबात न ठरवता झालेला फायदा.

त्यांच्याबद्दलचं कौतुक मी एकदा फोन करूनच सांगायचं ठरवलं, पत्राचा कंटाळा आला होता. ऑफिसचं नाव सांगत नाही. पलीकडचे क्लार्क म्हणाले, नोंद करून घेतो, पण वही तक्रारीचीच आहे. मी म्हटलं, त्यातच लिहा. तर त्यांनी लिहायला घेतलं, मोठ्यानं वाचत. "तक्रारदाराचे नाव..." मी सांगितलं. "तक्रारीचे स्वरूप?" मी म्हटलं, पाणी वेळेवर येतंय, माणूस नीट बोलतो. ते थांबले, मग लिहिलं, "पाणी वेळेवर येणे." पुढच्या रकान्याला अडले. "मॅडम, निवारण काय लिहू?" मी विचार केला आणि म्हटलं, "प्रलंबित ठेवा."

हसले की नाही माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात काका पहाटे व्हॉल्व्हची चावी हातात घेऊन गेटपाशी थांबले होते. "ताई," म्हणाले, "माझी काय तक्रार प्रलंबित हाय म्हणं?"